फोनवर आपण काय बघतो, ते कंपनीला दिसतं का?



बैठकीत बचत, हप्ते आणि ठरावाचं काम आटोपलं की हल्ली बोलणं फोनवर येतं. हप्ता फोनवरून भरायचा, सुक्या मासळीच्या आणि पापडाच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायच्या, लाडकी बहीणचे पैसे आले का ते मेसेजवर बघायचं, पोरांचा अभ्यासही त्यातच. मग कुणीतरी हळूच विचारतं, "मी फोनवर काय बघते ते सिमवाल्या कंपनीला दिसतं का गं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. एखादी ताई अंगावरून पांढरं जातं म्हणून माहिती शोधते. एखादी माहेरच्या जमिनीतला हक्क शोधते, तर एखादी नवऱ्याच्या मारहाणीवर कायदा काय सांगतो ते वाचते. हे गावभर व्हावं असं कुणालाच वाटत नाही. प्रश्नाचं उत्तर थोडक्यात असं आहे: कंपनीला बरंच दिसतं, पण सगळं दिसत नाही. काय दिसतं ते नीट समजलं की काय झाकायचं तेही कळतं.

मधे उभी असलेली कंपनी

तुमच्या फोनवरून निघालेली प्रत्येक गोष्ट आधी सिमवाल्या कंपनीच्या टॉवरवर जाते. घरी वाय-फाय असेल तर ती केबलवाल्याच्या किंवा फायबरवाल्याच्या तारेतून जाते. तिथून ती पुढे गूगलकडे, बँकेकडे, यूट्यूबकडे पोचते. ही कंपनी म्हणजे आपला पोस्टमन. सगळी पत्रं त्याच्या हातातून जातात.

पोस्टमनच्या हातात पोस्टकार्ड आलं तर मजकूरही वाचता येतो. बंद पाकीट आलं तर वरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र दिसत नाही. इंटरनेटवरही हेच दोन प्रकार आहेत.

ज्या वेबसाइटचा पत्ता 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी सुरू होतो, ती बंद पाकिटासारखी. बँका, सरकारी पोर्टल, यूट्यूब, गूगल या सगळ्या आज अशाच आहेत. शेवटचा 'एस' नसेल तर ते पोस्टकार्ड समजा. अशा साइटवर फोन स्वतःच 'नॉट सिक्युअर' असं दाखवतो. तिथे आधार नंबर, खाते नंबर, पासवर्ड काहीच टाकू नका. एक मात्र लक्षात ठेवा. पाकीट बंद आहे याचा अर्थ पाठवणारा प्रामाणिक आहे असा नाही. ठगाची साइटसुद्धा एचटीटीपीएसची असू शकते.

कंपनीला काय दिसतं?

- तुम्ही कोणाला फोन केला, कधी केला, किती वेळ बोललात.
- तुमचा साधा एसएमएस. तो कंपनीच्या यंत्रातून उघडाच जातो.
- तुम्ही कुठे आहात. फोन चालू असला की तो जवळच्या टॉवरशी सतत बोलत असतो. होडी किनाऱ्यापासून लांब गेली की रेंज जाते हे आपल्या घरातल्यांना चांगलं माहीत आहे. रेंज आहे याचाच अर्थ कुठल्या तरी टॉवरला तुमचा पत्ता आहे. तुम्ही अलिबागला आहात की मुरुडला, हे त्यावरून कळतं.
- तुम्ही कोणत्या साइटवर किंवा अ‍ॅपवर गेलात, किती वाजता गेलात, किती डेटा वापरलात.

काय दिसत नाही?

- एचटीटीपीएसच्या साइटवर तुम्ही नेमकं काय वाचलं, काय लिहिलं. गूगलवर गेलात हे दिसतं, तिथे काय शोधलं ते कंपनीला दिसत नाही. गूगलला मात्र दिसतं.
- व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि कॉल. ते तुमच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि समोरच्याच्या फोनवर उघडतात. व्हॉट्सअ‍ॅप वापरलं एवढंच कंपनीला समजतं.
- बँकेचा पासवर्ड, यूपीआयचा पिन.

बऱ्याच मुली सांगतात, "मी इनकॉग्निटोमध्ये बघते, कुणाला कळत नाही." हा गैरसमज आहे. इनकॉग्निटोमुळे तुमच्या फोनमध्ये आठवण राहत नाही. म्हणजे फोन सासूबाईंनी किंवा मुलाने हातात घेतला तर त्यांना दिसणार नाही. कंपनीला जे दिसायचं ते तसंच दिसतं.

दिसलं तर बिघडलं कुठे?

"आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" असं कुणी म्हणेल. तर घडलेल्या तीन गोष्टी ऐका.

पहिली आपल्या शेजारच्या ठाण्याची. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने लोकांच्या कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकणारं एक जाळं उघडकीला आणलं. त्यात खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली. या नोंदी कंपनीकडे असतात. पोलिसांनासुद्धा त्या ठरलेल्या कायदेशीर पद्धतीनेच मागवाव्या लागतात. तरी पैसे मोजले की त्या बाजारात मिळत होत्या, हे या प्रकरणाने दाखवलं. एखाद्या बाईने कोणाला किती वाजता फोन केला ही यादी संशयी माणसाच्या हाती पडली तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. आणि या नोंदी लगेच पुसल्या जात नाहीत. डिसेंबर २०२१ पासून केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने कंपन्यांना कॉलच्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला सांगितलं आहे. आधी ही मुदत एक वर्षाची होती.

दुसरी गोष्ट २०१५ ची. बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याच्या लक्षात आलं की एअरटेलच्या थ्री-जीवरून साइट उघडली की त्या पानात एक परका कोड घुसवलेला असतो. तो साइटवाल्याने घातलेला नव्हता, वाटेत घातलेला होता. किती डेटा वापरला ते ग्राहकाला समजावं म्हणून ही चाचणी होती, असं कंपनीने सांगितलं. पण पोस्टमनने पोस्टकार्डावर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवावी तसाच हा प्रकार. बंद पाकिटात असं करता येत नाही. म्हणूनच एचटीटीपीएस महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट आपल्या चुलीपर्यंत पोचलेली आहे. २०१७ मध्ये सगळीकडे सिम आधारला जोडायची धावपळ चालू होती, आठवतं? दुकानात अंगठा दिला सिमच्या तपासणीसाठी, आणि त्याच अंगठ्यावर अनेकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली. ग्राहकाला पत्ताच नाही. गॅसची सबसिडी शेवटी आधारला जोडलेल्या खात्यात जाते. त्यामुळे ती या नव्या खात्यांत जमा होत राहिली आणि बायका नेहमीच्या बँकेत जाऊन विचारत राहिल्या, सबसिडी का आली नाही? डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आधारवरून तपासणी करण्याची परवानगी थांबवली. ३१ लाख ग्राहकांचे सुमारे १९० कोटी रुपये त्यांच्या मूळ खात्यांत परत करावे लागले. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने एअरटेल पेमेंट्स बँकेला ५ कोटींचा दंड केला.

या तिसऱ्या गोष्टीत कुणी तारेवर कान लावला नव्हता. माहिती आपणच दिली होती, अंगठा लावून, एका कामासाठी. ती दुसऱ्याच कामाला वापरली गेली. म्हणून फोनच्या सेटिंगइतकंच लक्ष दुकानातल्या फॉर्मकडे द्यायला हवं.

सिम कोणाच्या नावावर आहे?

आपल्या गटातल्या कितीतरी जणींचं सिम नवऱ्याच्या, दिराच्या नाहीतर मुलाच्या नावावर असतं. दुकानातून घेताना आधार कार्ड त्यांचं होतं, एवढंच कारण. पण कंपनीच्या दृष्टीने ग्राहक तेच. हरवलेलं सिम पुन्हा काढायचं, नंबर बंद करायचा, दुसऱ्या कंपनीत न्यायचा, हे सगळे अधिकार त्यांचे. ते सिम त्यांनी बदलून घेतलं तर तुमच्या बँकेचा ओटीपी त्यांच्याकडे जाईल. शिवाय कंपनीच्या अ‍ॅपमध्ये त्या नंबरचा वापर आणि कॉलची यादी मागवता येते. एकदा हातात फोन घेऊन ओटीपी टाकला की झालं.

घरात सगळं गोडीगुलाबीने चालू असेल तेव्हाच सिम आपल्या नावावर करून घ्यावं. भांडण झाल्यावर ते अवघड होतं. तुमचं आधार कार्ड आणि नंबर घेऊन ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्यासह कंपनीच्या अधिकृत दुकानात जा. 'मालकी बदल' म्हटलं की ते प्रक्रिया सांगतात. बँक, गॅस, रेशन, लाडकी बहीण, सगळीकडे जो नंबर दिला आहे तो तुमच्याच नावावरचा असावा.

घरात त्रास असणाऱ्या ताईंसाठी एक सांगणं. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीचा नंबर आहे. संकट आलं तर हातात असेल त्या फोनवरून लावा, विचार करत बसू नका. पण नुसती माहिती विचारायची असेल आणि तुमचा फोन घरात तपासला जात असेल, तर आशाताईच्या, सीआरपी ताईच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवरून बोला.

आता करायचं काय?

*१. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा.* दूरसंचार विभागाचं 'संचार साथी' हे पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झालं, आता अ‍ॅपही आहे. त्यात आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर 'नॉट माय नंबर' हा पर्याय निवडून कळवा. आपल्या राज्यात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. त्याहून जास्त निघाली तर नव्या दूरसंचार कायद्यात पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

*२. अंगठा एकदाच.* सिम घेताना दुकानदार म्हणाला, "अंगठा लागला नाही, परत लावा," तर आधी स्क्रीन बघायला मागा. पहिला अंगठा खरंच नाकारला गेला का ते वाचा. दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम काढून विकल्याचे प्रकार घडले आहेत. आधारची झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त सिमसाठी', तारीख आणि सही.

*३. पैसे कुठल्या खात्यात जातात ते तपासा.* माय आधार या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. तुमचं आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते तिथे कळतं. लाडकी बहीणचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून प्रत्येकीने हे बघून ठेवावंच. जमत नसेल तर बँक सखीची मदत घ्या, पण ओटीपी स्वतःच टाका.

*४. खासगी गोष्ट एसएमएसवर नको.* आजारपण, पैसे, घरातले वाद, जे सांगायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर सांगा. आणि व्हॉट्सअ‍ॅपला स्वतःचं कुलूप लावा.

*५. 'प्रायव्हेट डीएनएस' चालू करा.* एसटी स्टँडवर आपण चौकशीच्या खिडकीत विचारतो, "श्रीवर्धनची गाडी कुठे लागते?" तसाच तुमचा फोन प्रत्येक साइट उघडण्याआधी कंपनीच्या खिडकीत विचारतो, "ही साइट कुठे आहे?" खिडकीतल्या माणसाला कळतं, तुम्ही कुठे निघालात. ही खिडकी बदलता येते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' किंवा 'कनेक्शन्स' उघडा, तिथे 'प्रायव्हेट डीएनएस' सापडेल. त्यात 'डीएनएस', मग टिंब, मग 'गूगल' असं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहा आणि सेव्ह करा. पैसे लागत नाहीत. नंतर कुठे नेट चाललं नाही तर परत 'ऑटोमॅटिक' करा. यात दोन गोष्टी समजून घ्या. आता तीच चौकशी गूगलच्या खिडकीत होते. आणि साइटचं नाव कंपनीला इतर मार्गांनी अजूनही कळू शकतं. गळती कमी होते, बंद होत नाही.

*६. जाहिरातीच्या कॉलना नकार द्या.* १९०९ वर फोन करा किंवा इंग्रजीत 'स्टार्ट ०' असा मेसेज पाठवा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाहिरातीसाठी माहिती वापरायची परवानगी चालू असेल तर तीही बंद करा.

व्हीपीएन घ्यावं का?

पोरं सांगतात, "आई, व्हीपीएन टाक, कुणालाच काही दिसणार नाही." व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी पाकिटं एका मोठ्या पोत्यात घालून दुसऱ्या पोस्टमनकडे द्यायची. सिमवाल्या कंपनीला फक्त पोतं दिसतं हे खरं. पण पोतं उघडणारा नवा पोस्टमन कोण आहे? फुकटच्या व्हीपीएन अ‍ॅपचा खर्च कुठून तरी निघत असतो, आणि बऱ्याचदा तो तुमच्याच माहितीतून निघतो. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने व्हीपीएन कंपन्यांनाही ग्राहकांची नावं, पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. आपल्या रोजच्या वापरासाठी वरच्या सहा गोष्टी पुरेशा आहेत. फुकटचं व्हीपीएन तर टाकूच नका.

होमस्टे चालवणाऱ्या ताईंसाठी

नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यात घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या आपल्या कितीतरी ताई आहेत. पाहुणा गाडीतून उतरला की आधी विचारतो, "वाय-फाय आहे ना?" तुम्ही पासवर्ड दिला की त्याच्यासाठी मधला पोस्टमन तुम्ही झालात. त्याने त्या वाय-फायवरून काही उलटसुलट केलं तर कंपनीच्या नोंदीत नाव तुमचं येतं, कारण कनेक्शन तुमच्या नावावर आहे. म्हणून एवढं करा:

- केबलवाल्याला सांगून पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वाय-फाय करून घ्या. घरच्या फोनचं आणि पाहुण्यांचं वाय-फाय एक नको.
- राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर छापलेला पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा असतो, दोन्ही बदला.
- गेस्ट पासवर्ड अधूनमधून बदला. भिंतीवर कायमचा लिहून ठेवू नका.
- पाहुण्यांची नोंदवही तारखेसह नीट ठेवा, आणि कपाटात ठेवा. त्यांच्या आधारच्या झेरॉक्स ओटीवर पडू देऊ नका. आपली माहिती जशी आपल्याला जपायची असते, तशी त्यांचीही.

आणि तुम्ही स्वतः बाहेर कुणाच्या वाय-फायवर असाल तर बँकेचं काम तिथे करू नका. आपला मोबाइल डेटा चालू करून करा.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, सिमला आधार जोडण्याची सक्तीही न्यायालयाने रद्द केली. म्हणजे सिमसाठी आधारच हवं असं कुणी अडवून म्हटलं तर मतदार ओळखपत्रासारखं दुसरं कागदपत्र चालतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. त्या लागू झाल्या की माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, हे कंपनीला विचारता येईल. चुकीची दुरुस्त करायला सांगता येईल, आणि दिलेली संमती मागे घेता येईल. संमतीची विनंती साध्या भाषेत आणि मराठीतही उपलब्ध असावी लागेल. तोवर एक सवय लावून घेऊ: 'आय अ‍ॅग्री' दाबण्याआधी कशाला हो म्हणतोय ते विचारायचं.

फसवणूक झालीच, खात्यातून पैसे गेले, तर लाज बाळगत घरात बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितके पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीसाठी

पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येकीने आपला फोन आणि आधार कार्ड आणावं. तीन कामं तिथेच करायची: संचार साथीवर आपल्या नावावरची सिम बघायची, आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते बघायचं, आणि प्रायव्हेट डीएनएस चालू करायचं. शिकलेल्या मुलींनी वयस्कर ताईंना मदत करायची, पण ओटीपी ज्याचा त्याने टाकायचा. किती जणींचं सिम दुसऱ्याच्या नावावर आहे तेवढा आकडा, नावं न लिहिता, इतिवृत्तात नोंदवा आणि ग्रामसंघाला कळवा. आकडा मोठा निघाला तर कंपनीच्या माणसाला गावातच बोलवून सगळ्यांची मालकी बदलून घेण्याची मागणी आपण एकत्र करू शकतो.